मी बघतो, तुम्हीही बघा

संकेतस्थळांवर बंदी घालणाऱ्या राज्यकर्त्यांत तुर्कस्तानच्या रेसेप तय्यिप एर्दोगान यांच्याइतका मोकळा गडी विरळा. तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक केमाल अतातुर्क यांची बदनामी करणाऱ्या चित्रफितींवरून २००८ साली तिथल्या न्यायालयाने यूट्यूब बंद केले. त्याबद्दल पत्रकारांनी छेडले तेव्हा पंतप्रधान असलेले एर्दोगान सहज म्हणून गेले, की मी जातो यूट्यूबवर, तुम्हीही जा. बंदी सुमारे अडीच वर्षे चालली आणि जनतेने पंतप्रधानांचा शब्द पाळला. त्या काळातही यूट्यूब हे देशातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या संकेतस्थळांपैकी एक होते.

पुढे स्वतःवर शेकले तेव्हा हा मोकळेपणा आटला. मार्च २०१४ मध्ये स्थानिक निवडणुका दहा दिवसांवर आल्या होत्या आणि सरकारमधल्या भ्रष्टाचाराच्या ध्वनिफिती ट्विटरवरून घरोघरी ऐकल्या जात होत्या. २० मार्चला बुर्सा येथील सभेत ‘हे ट्विटर-बिटर मुळापासून उपटून टाकू’ अशी गर्जना झाली आणि रात्रीच ट्विटर बंद पडले. पण हे काम तसे कच्चेच होते. संकेतस्थळाचे नाव टाकले की त्याचा क्रमांक शोधून देणारी एक टेलिफोन डिरेक्टरी प्रत्येक इंटरनेट कंपनीकडे असते. सरकारने तीत खाडाखोड करायला लावली, एवढेच. लोकांनी कंपनीची डिरेक्टरी सोडून गूगलची धरली. तिचा पत्ता ८.८.८.८, शेंबड्या पोरालाही पाठ होईल असा. सकाळी इस्तंबूलच्या भिंतींवर रंगाच्या फवाऱ्याने तो लिहिलेला होता. काही ठिकाणी तर सत्ताधारी पक्षाच्या निवडणूक फलकांवरच, उमेदवाराच्या हसऱ्या चेहऱ्याशेजारी! अध्यक्ष अब्दुल्ला ग्युल यांनी समाजमाध्यमे सरसकट बंद करणे मान्य होण्यासारखे नाही असे मत नोंदवले, तेही ट्विटरवरच. देशाचा प्रथम नागरिक आडवाटेने कसा आला, हे विचारायची हिंमत दूरसंचार खात्याला झाली नाही.

एखादे सरकार इथे ओशाळले असते. तुर्की सरकार शिकले. आधी ट्विटरचे क्रमांकच अडवले गेले. मग महिनाअखेरीस गूगलच्या डिरेक्टरीचेच सोंग घेतले गेले: माणूस ८.८.८.८ ला विचारी आणि उत्तर देई सरकारने बसवलेला तोतया. त्यावर लोक व्हीपीएनकडे, म्हणजे परदेशातून वळसा घालून नेणाऱ्या झाकलेल्या वाटेकडे वळले. घटनात्मक न्यायालयाने २ एप्रिलला ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवली आणि दुसऱ्या दिवशी ट्विटर सुरू झाले. दरम्यान निवडणूक उरकली होती आणि एर्दोगान यांचाच पक्ष पहिला आला होता.

बंदी चुकवणाऱ्यांच्या हुशारीचे कौतुक करताना हा निवडणुकीचा निकाल सहसा सांगायचा राहून जातो. सरकारला कुंपण अभेद्य नकोच असते. शिकलेला, शहरी, मोबाइलच्या सेटिंगमध्ये बोटे घालणारा तरुण उडी मारून जाणार, हे त्यालाही ठाऊक असते. आणि तो तरुण तसाही या पक्षाला मत देणार नव्हता. बाकीच्यांनी दोनदा प्रयत्न करावा, कंटाळावे आणि सरकारी वाहिनी लावावी, एवढ्यावर भागते.

आपल्याकडे हसायची सोय नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाच्या सांगण्यावरून ‘आयसिस’चा मजकूर असल्याच्या कारणाने ३२ संकेतस्थळे अडवली गेली. त्यात गिटहब होते, म्हणजे जगभरचे संगणक अभियंते आपले काम जिथे ठेवतात ती जागा. एका वाह्यात मुलासाठी अख्खी शाळा बंद करण्याचा तो प्रकार यथावकाश मागे घेतला गेला.

तुर्कस्तानात मात्र गंमत पुढेही चालू राहिली. जुलै २०१६ मधल्या लष्करी उठावाच्या रात्री एर्दोगान, आता अध्यक्ष, देशापुढे आले ते एका वृत्तनिवेदिकेने कॅमेऱ्यासमोर धरलेल्या मोबाइलवर, फेसटाइमच्या कॉलमधून. त्यांच्या हाकेवर लोक रस्त्यावर उतरले, उठाव फसला. इंटरनेटचे उपकार फेडायची पद्धतही न्यारी: त्याच वर्षाच्या अखेरीस ओळख लपवून इंटरनेटवर फिरवणारे टॉर आणि अनेक व्हीपीएन सेवा अडवण्याचे फर्मान निघाले आणि पुढच्या एप्रिलमध्ये विकिपीडिया बंद झाला, तो जवळपास पावणेतीन वर्षे.

या धंद्यात आता चांगलीच सफाई आली आहे. संकेतस्थळ बंद करण्याऐवजी इतके मंद करायचे, की माणूस स्वतःच्याच मोबाइलला शिव्या घालील. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण तुर्कस्तानात भूकंप झाला. ढिगाऱ्याखालून लोक ट्विटरवर आपला पत्ता, इमारत, मजला टाकत होते. बाहेरचे तो बचाव पथकांपर्यंत पोचवत होते. मदत उशिरा आल्याचा संतापही तिथेच उतू जात होता. तिसऱ्या दिवशी, ८ तारखेला, अफवांशी लढण्याच्या नावाखाली ट्विटर आवळले गेले ते सुमारे अर्धा दिवस. पत्त्यांच्या जोडीने व्हीपीएन कसे लावायचे याच्या सूचना फिरू लागल्या. बाहेरच्यांनी ते लावलेही. आतल्यांच्या मोबाइलमध्ये तेवढी बॅटरी होती की नाही, याची नोंद कुठल्या खात्याकडे असणार? मे महिन्यात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. ती एर्दोगान यांनीच जिंकली.