जमिनीचा धंदा आणि कॉलेजचें शिक्षण

मुलगा बारावी झाला. त्यास शेती नको, नोकरीही नको. प्लॉट पाडून विकण्याचा व घरें बांधण्याचा धंदा करावा असें त्याच्या मनांत आहे. मग त्यास कॉलेजांत घालून वर्षें व पैसा कां दवडावा? पुण्याच्या आसपासचे शेतकरी बंधु हा प्रश्न अलीकडे फिरून फिरून विचारूं लागले आहेत. प्रश्न रास्त आहे. या धंद्यांत पैसा केलेल्या कित्येकांनीं कॉलेजचा उंबरठाही ओलांडलेला नाहीं, हें आम्हांस मान्य आहे.

कायदाही पदवी मागत नाहीं. १ मे २०१७ रोजीं पूर्णपणें अमलांत आलेला रेरा कायदा नोंदणी मागतो, आणि गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेपैकीं शेंकडा ७० त्याच बांधकामाच्या वेगळ्या खात्यांत ठेवण्यास सांगतो. तो हिशेब ज्यास वाचतां येत नाहीं, त्यास दुसऱ्याच्या सांगण्यावर सही करावी लागते, इतकेंच.

आमचा अनुभव असा कीं, या धंद्यांत माणूस विटा-सिमेंटांत बुडत नाहीं, कागदांत बुडतो. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असें लिहिलेलें असतें. तशी जमीन सामान्यतः सरकारी परवानगीवांचून विकतां येत नाहीं. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला. तरी बहिणीस न विचारतां विसार घेणारे महाभाग अजून आहेतच. पुढें दावा लागतो, आणि विसाराचे पैसे तर लग्नांत खर्चून गेलेले असतात!

हडपसरच्या मगरपट्ट्याचें उदाहरण पाहावें. तेथील सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं ४०० एकरांहून अधिक जमीन बिल्डरास न विकतां एकत्र केली, कंपनी काढली व जमिनीच्या प्रमाणांत हिस्से घेतले. त्यांचे पुढारी सतीश मगर हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे पदवीधर. पदवीमुळेंच तें नगर उभें राहिलें असें आम्ही म्हणत नाहीं. भावकी एका जागीं बसविणें कोणत्याच कॉलेजांत शिकवीत नाहींत. परंतु कंपनी म्हणजे काय, हिस्सा म्हणजे काय, हें भाऊबंदांस समजावून सांगणारा माणूस घरचाच होता, ही गोष्ट लहान नव्हे.

तेव्हां आमचें मत असें. तालुक्याच्या कॉलेजांत वाणिज्य किंवा कायदा शिकावा, आणि उरलेला वेळ चावडींत व दुय्यम निबंधकाच्या कचेरींत घालवावा. मोठ्या नांवाच्या खासगी संस्थेच्या फीसाठीं एकर विकावा लागत असेल, तर तसें शिक्षण मुळींच घेऊं नये. धंद्याचें भांडवल तोच एकर आहे.

प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं मुलापुढें घरचा सातबारा व गेल्या तीस वर्षांचे फेरफार ठेवावेत. तो कोठें अडतो तें पाहून मग विषय ठरवावा.