31 मार्चनंतर यायचं की नाही?

मा. आयुक्त साहेब,

गेल्या महिन्यात अंदाजपत्रकाचे तक्ते तुमच्या टेबलावर आले. त्यातलं ‘बाह्ययंत्रणेद्वारे मनुष्यबळ’ हे लेखाशीर्ष आणि त्यापुढची कमी केलेली रक्कम मी टाइप केली आहे. आकडा बरोबर आहे, दोनदा ताडून पाहिला. माझा पगार त्याच लेखाशीर्षातून निघतो. शेजारच्या कायम लिपिकबाईंनी हळूच विचारलं, “तू यातच येतेस ना गं?” मी हो म्हटलं आणि पुढची ओळ घेतली.

शहराचं नाव लिहीत नाही, माझंही नाही. मुदतवाढीची फाईल अजून तुमच्याकडे आहे.

लेखा विभागात मी 11 वर्षं संगणकचालक आहे. म्हणजे कागदोपत्री 11-11 महिन्यांचे तुकडे आणि मधे एकेक दिवसाचा तांत्रिक खंड. या काळात ठेकेदार चार झाले, आयुक्त सहा. खुर्ची तीच. कीबोर्डवरची तीन अक्षरं पुसली गेलीत, ती आता बोटांनाच ठाऊक आहेत.

पालिकेकडे पैसा नाही हे आम्हाला वेगळं सांगायला नको, आम्ही रोज त्या आकड्यांतच बसतो. जुनी माणसं सांगतात, जकात होती तेव्हा ट्रक नाक्यावर आला की पैसे पालिकेच्या तिजोरीत पडायचे. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. 1 ऑगस्ट 2015 ला 50 कोटींच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तोही माफ झाला. 1 जुलै 2017 पासून जीएसटी, आणि तेव्हापासून भरपाईच्या अनुदानासाठी शासनाकडे डोळे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मजल्यावर कुणी नमस्कार करत नाही, येणारा प्रत्येक जण “जीएसटी आला का?” एवढंच विचारतो. कायद्याने त्या भरपाईत दरवर्षी 8 टक्के वाढ धरली आहे खरी, पण शहर टक्केवारी बघून वाढत नाही. हक्काचं म्हणावं असं उरलं ते घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवानग्या.

घरपट्टीची गत मार्चमध्ये कळते. गेल्या वर्षी थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवायला जे पथक गेलं, त्यात मीही होते. संगणकचालकाच्या कामात ते बसत नाही म्हणा, पण आमचं काम काय याची यादी कुणी दिलीच नव्हती. घरमालक बाहेर आले, बँड थांबेपर्यंत शांत उभे राहिले आणि म्हणाले, “तुमचा तरी पगार वेळेवर होतो का?” पथकात आम्ही पाच जण होतो. तिघांनी खाली पाहिलं.

आता मुद्द्याचं. आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या वर गेला की शासन भरतीला हात आखडतं. आपला खर्च कधीच वर गेलेला. माणसं निवृत्त होतात, पदं रिकामी राहतात, काम मात्र तेवढंच राहतं. यावर तोड निघाली ती आमची. ठेकेदारामार्फत घेतलं की आम्ही आस्थापनेवर नाही. आमचा पगार ‘सेवा’ म्हणून खर्ची पडतो, जंतुनाशक आणि डिझेलच्या पंगतीत. टक्केवारी राखली गेली. आता काटकसर आली, तर आस्थापनेला हात लावता येत नाही, थकलेल्या बिलांचं दायित्व डोक्यावर आहे, रस्त्यांची कामं सगळ्यांना हवीत. मग कात्री चालते ती ज्या ओळीत माणूस दिसत नाही त्या ओळीवर. तुमच्या हेतूवर माझा संशय नाही. तुम्ही एक रक्कम कमी केलीत. तिच्यामागे किती माणसं आहेत, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही.

मुंबईत जकात बंद झाली तेव्हा नाक्यांवरच्या कायम कर्मचाऱ्यांना इतर खात्यांत सामावून घेतलं गेलं. नाके गेले, माणसं राहिली. ते योग्यच झालं. आमच्या बाबतीत उलटं आहे: काम जागेवर आहे, जायची आहेत ती माणसं.

तुम्ही विचाराल, मग दिवस कसे काढता? आमच्या मजल्यावर 14 जणींची भिशी होती. पूर्वी पहिला नंबर अडचण असलेलीला द्यायचा, हा अलिखित नियम होता. मुदतवाढ तीन-तीन महिन्यांची झाली तसा प्रत्येकीला पहिला नंबर हवासा झाला, कारण शेवटच्या नंबरापर्यंत कोण नोकरीत असेल याची हमी कुणी घेईना. डिसेंबरात भिशी मोडली. भांडण झालं नाही, सगळ्या समजूतदारपणे गप्प झाल्या. प्रयोगशाळेतली एक मुलगी रविवारी खासगी पॅथॉलॉजीत रक्त घेते. मी संध्याकाळी दोन दुकानांचे हिशेब लिहिते, आणि रात्री मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून ठेकेदाराने या महिन्याचा भरणा केला का ते बघते. बँकेत कर्जाला गेलं की नेमणुकीचं पत्र मागतात. ते बघून तिथले साहेब विचारतात, “याच्यावर तर मार्चपर्यंतच लिहिलंय?”

मध्यंतरी नाट्यगृहात कर्मचाऱ्यांसाठी ताणतणावावर व्याख्यान झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं. खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायला मात्र होतो.

कोर्टाचं मला माहीत आहे. 31 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांनी गाझियाबाद महापालिकेच्या माळ्यांच्या बाजूने निकाल दिला, तो मी वाचलाय. त्यांना 2005 मध्ये काढलं होतं. निकाल लागेपर्यंत जवळपास 20 वर्षं गेली. तेवढी वर्षं माझ्याकडे नाहीत, आणि तुमच्याशी भांडायची इच्छाही नाही. कायम करा असंही या पत्रात मागत नाही. ते तुमच्या एकट्याच्या हातात नाही, हे फायली लावता लावता शिकले आहे.

तुमच्या हातात आहे ते एवढंच. किती जणांना कमी करणार आणि कशाच्या आधारावर, हे लेखी सांगा. नोकरीची वर्षं बघणार, विभाग बघणार, की ठेकेदार देईल ती यादी? आज तिसरीच गोष्ट होईल असं सगळे धरून चाललेत, आणि म्हणून सगळे ठेकेदाराच्या सुपरवायझरला चहा पाजताहेत. ज्याला काढायचं त्याला किमान तीन महिने आधी कळू द्या. ठेकेदाराने थकवलेला पगार मूळ मालकाने द्यायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं. जानेवारीचा आमचा पगार अजून झालेला नाही. आणि पुढच्या वर्षीच्या तक्त्यात त्या लेखाशीर्षापुढे एक रकाना वाढवा, माणसांच्या संख्येचा. मी असले तर मी भरीन, नसले तर जी असेल ती भरेल. पाच मिनिटांचं काम आहे.

माझी मुदत 31 ला संपते. 1 तारखेला सकाळी यायचं की नाही, ते 25 पर्यंत कळलं तर बरं होईल. मुलाच्या शाळेची फी भरायची मुदत 26 आहे.

आपली विश्वासू,
लेखा विभाग, खिडकीजवळचं टेबल