डोळे बांधून ऐका

पहिल्या पगारातून मी साडेसात हजारांचे इअरफोन घेतले, एका रिव्ह्यूवर विश्वास ठेवून. ‘मखमली बास, मोकळा ट्रेबल.’ घरी तानपुरा लावला, तर जवारी गायब. नुसती घूं घूं. मग त्याच भाऊंचे जुने चाळीसेक रिव्ह्यू बसून पाहिले. एकही वस्तू नावडलेली नाही! इतका समाधानी माणूस मी लग्नाच्या पंगतीतही पाहिलेला नाही.

वस्तू फुकट आली, हे सांगतात हल्ली. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ‘ॲस्की’ने २०२१मध्ये तसा नियमच केला. पण ‘मत माझंच’ म्हटलं की झालं? पुढचा बॉक्स यायचा असेल, तर मत आपसूक मऊ पडतं.

बरं, पैसे न घेणाऱ्याचे कान तरी कुठे खरे? १९९४मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हर्मन कंपनीतल्याच लोकांना स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांदेखत. स्पीकर दिसू लागले आणि गुण बदलले. त्यात जरा मोठ्याने वाजणारी वस्तू आपल्याला उगाच चांगली वाटते. तरी ‘दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला, डोळे बांधून ऐकलं’ असं म्हणणारा रिव्ह्यूवाला मला भेटायचाय. केबल बदलल्यावर ‘पडदा दूर झाला’ म्हणणारे मात्र पैशाला पासरी.

भाऊंना मेसेज करून जवारीचं विचारलं. ‘ब्रो, महिनाभर वाजव, आवाज उघडेल.’

परत करायची मुदत सात दिवसांची होती.