प्रिंट म्हणजे कंट्रोल-पी नव्हे

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी देवघरांत राजा रविवर्म्याची छापील लक्ष्मी काचेआड उभी असते. "प्रिंट आहे हो, ओरिजिनल थोडंच!" असं आपण सहज म्हणून जातो. मला हे अजिबात पटत नाही.

रविवर्म्याने १८९४ साली गिरगावात छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छपाई शिळेवरची, म्हणजे लिथोग्राफी. चुनखडीचा दगड घासून गुळगुळीत करायचा, त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र उलटं काढायचं, मग डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल घालून फासायचं. दगड ओला केला की शाई फक्त चित्राला धरते. हे झालं एका रंगाचं! प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद दरवेळी नेमका त्याच जागी. जरा सरकला की लक्ष्मीचे ओठ गालावर :)

चुनखडी आमच्या वणीकडेही निघते, डिंक बाभळीला येतो. किंमत आहे ती हाताची. आमच्या कोडमध्ये निदान कुठली ओळ कोणी लिहिली याची नोंद राहते. या चित्रांवर चित्रकाराचं नाव, प्रेसचं नाव. दगड घासणाऱ्याचं कुठेच नाही.

तेव्हा रंग विटले म्हणून घरची जुनी फ्रेम काढून चकचकीत नवी लावण्याआधी एकदा भिंगातून बघा. आडवेतिडवे बारीक ठिपके दिसले, तर ते कुणीतरी एकेक करून हाताने दिलेले आहेत. याला कॉपी म्हणायचं?