तबकडीचा कैवार

गेल्या दिवाळीत, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, आमचा डीव्हीडी प्लेअर वारला. तसा तो बरेच दिवस आजारीच होता. तबकडी तोंडात घ्यायचा, जरा घोळवायचा आणि न चावता परत बाहेर काढायचा. शेवटी तोंड उघडणंच बंद झालं. घरात कोणी फारसा शोक केला नाही. उलट "नवा घ्यायला हवा," असं मी म्हणालो, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये बैलगाडी बांधायची परवानगी मागितल्यासारखं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, आता डिस्क कोण घेतं? सगळं ऑनलाइन आहे," चिरंजीव मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले.

हिचं म्हणणं वेगळं होतं. "म्हणजे आणखी एक पुसायची वस्तू!"

दुकानातल्या पोराने तर "काका, डिस्कवालं?" असं विचारून माझ्याकडे जे पाहिलं, ती नजर मी ओळखतो. पासबुक भरून घ्यायला येणाऱ्या आजोबांकडे आमच्या शाखेतली नवी मुलं अशीच पाहतात.

तेव्हा चिडून हे लिहितो आहे. म्हणणं साधंच आहे: ज्याला सिनेमा मनापासून आवडतो त्याने तबकडी घ्यावी, ती वाजवणारं चांगलं यंत्र घ्यावं आणि जगाला खुशाल हसू द्यावं.

मी बी. कॉम. असल्यामुळे कलेबद्दल बोलत नाही, हिशोब मांडतो. आपल्याकडच्या डीव्हीडीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके. ब्लू-रेच्या चित्रात १९२० गुणिले १०८०. गुणाकार करा, मग भाग द्या. बरोबर पाचपट, बाकी शून्य! संध्याकाळी कॅश पहिल्याच मोजणीत जुळावी तसा आनंद झाला मला. कारणही सोपं आहे. डीव्हीडी वाचणारा किरण लाल, ६५० नॅनोमीटरचा. ब्लू-रेचा निळा-जांभळा, ४०५चा. म्हणजे जाड निबाऐवजी बारीक निब. अक्षर बारीक झालं की तेवढ्याच पानावर जास्त मजकूर मावतो. म्हणून एका थरात ४.७ जीबीऐवजी २५ जीबी.

"ऑनलाइनलाही तेवढेच ठिपके असतात," चिरंजीव म्हणतात. असतात ना! पण ते तारेतून पाठवायचे म्हणून जास्त दाबून, कोंबून भरलेले असतात. त्यातून रात्री नऊ वाजता सगळी सोसायटी एकदम नळ सोडते, आणि ऐन रडण्याच्या प्रसंगी नायिकेच्या चेहऱ्याचे चौकोन होतात.

पण माझं खरं भांडण ठिपक्यांवरून नाही. ते 'खरेदी करा' या बटणाशी आहे. बावीस वर्षं बँकेत काढल्यामुळे मला एक वाईट खोड लागली आहे. कुठलाही कागद समोर आला की मालक कोण, ते मी आधी बघतो. या बटणामागचा बारीक मजकूर एकदा चष्मा लावून वाचला. आपण पैसे भरतो, पण मिळतो तो पाहण्याचा परवाना. पुष्कळदा तो काढून घ्यायची सोयही त्यातच असते. २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून विकलेलं पुस्तक परस्पर पुसलं होतं. हक्कांचा घोळ होता. पैसे परत केले, मागाहून माफीही मागितली. पण पुस्तक कुठलं? जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४'! कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच लागू आहे: नुसता परवाना देत असाल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' म्हणायचं नाही.

भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. आम्हीही पंधरा वर्षं राहिलो. पण आमच्या घरमालकाने भाडं घेताना "अभिनंदन, घर तुमचं झालं!" असं कधी म्हटलं नाही. तेवढा प्रामाणिक होता बिचारा.

आता माझ्या बाजूची खोटही खात्यावर दाखवतो. नाहीतर ताळेबंद कसला? तबकडीवाल्यांनीही लोकांना कमी फसवलेलं नाही. न्यू जर्सीचे आमचे साडू हिशोबी माणूस. २००७च्या डिसेंबरात त्यांनी स्वस्तात मिळाला म्हणून एचडी डीव्हीडीचा प्लेअर घेतला. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने ती पद्धतच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ब्लू-रे जिंकली, साडू हरले. त्यांच्याकडच्या ब्लू-रे तबकड्या आणाव्यात, तर तिथे विभागांची भानगड. अमेरिका 'ए', आपण 'सी'. तबकडीलासुद्धा व्हिसा! फोरके तबकड्यांना मात्र ही विभागबंदी नाही. शिवाय यंत्रं बनवणारेही घटताहेत. सॅमसंगने २०१९ मध्ये अंग काढलं, एलजीने २०२४ मध्ये. सगळं मान्य. म्हणून तर म्हणतो, आत्ता घ्या. आणि घेताना फोरके, ब्लू-रे, डीव्हीडी, सीडी असं सगळं वाचणारं घ्या. घरातली जुनी तबकडी खिशात घालून न्या आणि दुकानातच लावून बघा. मी नेली होती.

ती कुठली, ते सांगायचं राहिलंच. ताईचं लग्न १९९६ मध्ये झालं. त्याची व्हिडिओ कॅसेट होती. व्हीसीआर भंगारात गेला. पुढे २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि जगातलं शेवटचं दार लागलं. त्याआधी मी ती कॅसेट एका फोटो स्टुडिओतून डीव्हीडीवर उतरवून घेतली होती. तीन तासांच्या त्या लग्नात अण्णा एकदाच बोलतात. पंगतीतून कॅमेऱ्याकडे बघत, हात हलवत, "जेवल्याशिवाय कोणी जायचं नाही हं!" अण्णांचा आवाज आमच्याकडे एवढाच आहे. सहा सेकंद.

ही तबकडीही अमर नाही, हे मला कळतं. म्हणून चिरंजीवांनी तिची एक प्रत ऑनलाइन ठेवली, त्याला मी हरकत घेतली नाही. दुबार प्रत असावीच. पण मूळ कागद आपल्या कपाटात हवा.

नवं यंत्र आलं. पहिली तबकडी तीच लावली. पंगत आली, अण्णा आले, बोलले, गेले. चिरंजीवांनी मोबाइल खाली ठेवला.

"बाबा, जरा मागे घ्या ना."

मागे घेतलं. एकदा नाही, चारदा. ही पदराने डोळे पुसत उठली आणि त्याच पदराने तिने यंत्रावरचं बोटाचं ठसठशीत डाग पुसलं.

"याला एक कव्हर शिवते," ती म्हणाली. "धूळ बसेल."