एल्कचे कळप आणि नकाशावरील रेघा

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ साली स्थापन झाले. त्याच्या सीमा उष्णोदकाची कारंजी डोळ्यांपुढे ठेवून आखल्या गेल्या. एल्कच्या वाटांशी त्यांचा संबंध नव्हता. एल्क हे काश्मिरातील हांगुलाच्या कुळातले, पण त्याहून थोराड हरीण. उन्हाळ्यात ते उंचावर चरते आणि बर्फ साचू लागले की खोऱ्यात उतरते. उत्तरेकडील कळपाची हिवाळी कुरणे उद्यानाबाहेर मॉन्टॅना राज्यात पसरली आहेत. हद्दीच्या आत शिकारीस बंदी, बाहेर परवाना. कळप मात्र एकच.

लांडग्यांचा उच्छेद १९२६च्या सुमारास पुरा झाला होता. पुढे एल्क इतके वाढले, की ॲस्पेन व विलो यांचे कोवळे कोंब वाढेनात. १९६१-६२च्या हिवाळ्यात उद्यानाच्या सेवकांनीच सुमारे ४,३०० एल्क मारले आणि जनक्षोभ उसळला. १९६३ साली लिओपोल्ड समितीने संख्यानियंत्रण आवश्यक ठरविले. मात्र हौशी शिकाऱ्यांस उद्यानात प्रवेश देऊ नये, असेही सांगितले. १९६७ नंतर ही कत्तल थांबली. १९९४ साली गणना १९,०००वर गेली. १९९५पासून लांडगे पुन्हा आणले गेले. त्यांच्या जोडीला अस्वले, प्यूमा, दुष्काळ आणि हद्दीबाहेरील शिकार यांचाही परिणाम होऊन २०१३च्या गणनेत ४,०००हून कमी एल्क आढळले.

शिकार म्हणजे केवळ क्रौर्य, असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. हिवाळ्यातील उपासमारही क्रूरच असते. पण शिंगांच्या हौसेने नर टिपून संख्या घटत नाही, कारण एक नर अनेक माद्यांस पुरतो. परवाने द्यावयाचे तर ते मुख्यतः माद्यांचे हवेत. मॉन्टॅनाने राज्याचे शिकारविभाग पाडून संख्येची उद्दिष्टे स्थानिक पातळीवर ठरविली, हे मला योग्य वाटते. एका खोऱ्यातील गर्दी दुसऱ्या खोऱ्यातील उणीव भरून काढीत नाही.

अडचण निराळ्याच रेघेवर येते. बंदुकांचे आवाज सुरू होताच एल्क मोठ्या खाजगी कुरणांत शिरतात. तेथे मालक मोजक्याच पाहुण्यांस प्रवेश देतो. सार्वजनिक रानातला शिकारी रित्या हाताने परततो आणि शेजारच्या शेतकऱ्याची वाळल्या गवताची गंजी फस्त होते. माझ्या मते, अशा मालकास नराचे दुर्मिळ परवाने द्यावयाचे असतील, तर आपल्या जमिनीवर माद्यांची शिकार सर्वसामान्य परवानाधारकांस करू देण्याची अट आधी घालावी.