समाधान शिकवायचं कोणाला?

दिवाळी सरली की आमच्या नवापूर तालुक्यातले पाडे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते आणि ती दवाखान्यात, लग्नात नाहीतर घराच्या कौलांत संपलेलीही असते. मग ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं भरायची आणि बारडोली-सुरतकडच्या पडावावर ऊस तोडायला निघायचं. आमच्या कित्येक ख्रिस्ती घरांचा नाताळ तिथंच, झोपडीत, होतो. निघण्याआधीच्या रविवारी मंडळीत या माणसांना उपदेश कशाचा मिळतो? समाधानाचा! आहे त्यात तृप्त राहा, देव बघतो आहे.

देव बघतो आहे यावर माझाही विश्वास आहे. पण मुकादमही बघतो आहे आणि त्याच्याजवळ वही आहे. उचल, हंगामभराची खावटी आणि वर भरमसाट व्याज, सगळं त्या वहीत. हंगाम संपताना हाती काय पडणार, ते वही ठरवते.

मंडळीच्या याच व्यासपीठावर उन्हाळ्यात कन्व्हेन्शन भरतं. पांढऱ्या मोठ्या गाडीतून पाहुणे उपदेशक उतरतात आणि आशीर्वादाचा भाव सांगतात: द्या, शंभरपट मिळेल. मग साक्षी सुरू होतात. कोणाला देवानं ट्रॅक्टर दिला, कोणाला नंदुरबारला प्लॉट. हालेलुया! म्हणजे मजुराला समाधान आणि प्लॉटवाल्याला शंभरपट, अशी ही वाटणी. ज्याला हावेचा रोग नाही त्याला औषध पाजायचं आणि रोग्याला जिलेबी. जक्कयासारखी साक्ष मात्र मी आजवर ऐकली नाही: कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो म्हणणारी. येशू त्या घरी तारण आलं म्हणाला ते या शब्दांनंतर, हे आम्ही पोरांना संडे स्कूलमध्ये शिकवतो आणि मोठं झाल्यावर विसरतो.

समाधानाच्या उपदेशाला हमखास पौल लागतो. फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय. पण तो अध्याय नीट वाचा. पौल कैदेत आहे आणि बोलतो आहे ते स्वतःच्या भुकेबद्दल, दुसऱ्याच्या नाही. शिवाय ते पत्र मदतीची पोच आहे. एपफ्रदीताच्या हाती फिलिप्पैकरांनी जे पाठवलं, ते पौलानं घेतलं आणि माझ्या दुःखात वाटा उचललात हे बरं केलंत, असंही लिहिलं. तुमचे पैसे ठेवा, मी तृप्त आहे, असलं नाटक त्यानं केलं नाही.

महाराष्ट्रात असं समाधान स्वतः जगून दाखवणारी माणसं झाली. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्याशाचं जिणं पत्करलं. त्यांनी सोडला तो स्वतःचा पगार, हे ध्यानात घ्या. पंडिता रमाबाईंचा तर सगळा भार देवावर. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना त्यांनी समाधानावर प्रवचन दिलं नाही. त्यांना केडगावला आणलं, विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग आणि छापखाना चालवायला शिकवलं. भरवसा असा दिसतो.

नीती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात राज्यातला सर्वांत गरीब जिल्हा आमचा नंदुरबार. इथं हाव हे पाप आहे असं शिकवायचंच असेल तर ते पगारदारांच्या बाकांकडे तोंड करून शिकवा. त्या बाकावर मीही बसतो; दुसऱ्या प्लॉटची चौकशी करणारे आम्हीच. जिची पोर कुपोषित म्हणून वजनकाट्यावर चढते, तिला कसली हाव?

आणि याकोबाचं पत्र? पाचवा अध्याय. शेत कापणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी गेला आहे, असं तिथं स्वच्छ लिहिलंय. तोडणीला जाणाऱ्या माणसांपुढे वाचायला याहून नेमका उतारा सापडेल का? तरी आमच्याकडे तो वाचला जात नाही. कारण उघड आहे. मुकादमही कधीकधी मंडळीतलाच असतो आणि त्याचा दशमांश वेळेवर येतो.

म्हणून पाळकसाहेब, एक विनंती. हंगामाच्या शेवटी पडावावर हिशेब होतो, त्या दिवशी तिथं या. प्रार्थना जरूर करा. पण वही वाचता येणारा, व्याज काढता येणारा मंडळीतला एखादा शिकलेला पोरगा सोबत आणा आणि मजुराच्या बाजूनं बसा.